एका ट्रकची दोन इंजिनं

नामदेव मिस्त्रीकडे ट्रक घेऊन जायचं म्हणजे आधी स्वतःची झडती द्यायची तयारी ठेवावी लागे. गाडीवाला केबिनमधून उतरता उतरताच सुरू व्हायचा, की धूर मारते, पिकअप घेत नाही, चढावर दम सोडते. मिस्त्री सगळं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "गाडीले काय होते ते नोको सांगू. तू काय केलं ते सांग." त्याचं उत्तर मिळेपर्यंत तो पान्याला हात लावायचा नाही. मग समोरचा मालक असो, ड्रायव्हर असो की एखाद्या कापसाच्या जिनिंगचा शेठ असो.

माझं स्पेअर पार्टचं दुकान त्याच्या गॅरेजच्या अगदी समोर, दिग्रसच्या पुसद रोडवर. वीस-पंचवीस वर्षं मी गल्ल्यावर बसून त्याचा तमाशा फुकटात पाहिला. आम्ही एकमेकांना अरेतुरे करायचो. तो मला शेठ म्हणायचा, पण ते इतक्या थट्टेने की कधीकधी वाटे, यापेक्षा शिवी दिली असती तर बरं. माझ्याकडचा एखादा पार्ट डुप्लिकेट निघाला तर तो बोंबलत यायचा नाही. गिऱ्हाईक बसलेलं असताना येऊन शांतपणे तो पार्ट काउंटरवर ठेवायचा आणि निघून जायचा. मग त्या गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते माझं मी पाहायचं.

एकदा सरकी भरलेला एक ट्रक टोचन करून आणला. इंजिन जाम. ड्रायव्हर शपथा घेऊन सांगत होता, की मी काहीच केलं नाही, चालता चालता बंद पडली. मिस्त्रीने त्याला लिंबाखालच्या बाजेवर बसवलं आणि स्वतः दुसऱ्या गाडीच्या कामाला लागला. दुपार टळली, चहाची वेळ झाली. ड्रायव्हर दोनदा माझ्याकडे येऊन गेला, की तुम्ही तरी त्यांना सांगा. मी कशाला सांगतो. शेवटी त्याने तोंड उघडलं. रेडिएटरचं पाणी संपलेलं त्याला कळलं होतं, पण पुढच्या गावी त्याची सासुरवाडी होती आणि बायकोच्या भावांसमोर ट्रक घेऊन उतरायची हौस होती. तिथवर त्याने गाडी तशीच दामटली आणि पोचल्यावर तापलेल्या इंजिनावर विहिरीचं गार पाणी ओतलं. एवढं ऐकल्यावर मिस्त्री एकदम खुशीत आला. "आता कसं बोलला," म्हणाला आणि बोल्ट ढिले करायला घेतले. त्या माणसाला तो पुढे एका शब्दाने रागावला नाही. मालकाला तर त्याने सासुरवाडीचा पत्ता लागू दिला नाही.

दिसायला मिस्त्री काही देखणा नव्हता. ठेंगणा, रुंद, उजव्या हातावर सायलेन्सरने भाजल्याचा लांब डाग, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. डॉक्टरने खर्रा सोडायला सांगितल्यापासून तो माझ्या दुकानाच्या मागे उभा राहून खायचा, म्हणजे त्याच्या बायकोला, सुमनबाईला, गॅरेजमधून दिसू नये. सुमनबाईला ते माहीत होतं. ती मलाच विचारायची, आज किती झाले म्हणून.

त्याच्या वडिलांनी लहानपणीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. दसऱ्याला आमच्या ओळीतली सगळी गॅरेजं पान्यांना हार घालून नारळ फोडायची. मिस्त्री त्याच्या आदल्या दिवशी सगळे पाने, सॉकेट, हातोडे रॉकेलमध्ये धुऊन, पुसून, बारदान्यावर मापाने लावून ठेवायचा आणि दसऱ्याच्या सकाळी बायकोला घेऊन नागपूरच्या गाडीत बसायचा. पूजा करत नाहीस तर मग धुतोस कशाला, असं मी एकदा डिवचलं. तो म्हणाला की वर्षातून एकदा तरी त्यांनी स्वच्छ असावं, वर्षभर माझ्यापायी घाण होतात. बाकी कुणाच्या देवाधर्माला त्याने बोट लावलं नाही. ट्रकच्या बंपरला बांधलेली लिंबू-मिरची कामाच्या आड आली, तर तो ती सोडून एका वाटीत ठेवायचा आणि काम झाल्यावर होती तिथे, होती तशी बांधायचा. त्याला विचारलं तर म्हणायचा, ती गाडीवाल्याची आहे, माझी नाही, मग मी कशी फेकू.

आता त्याचा अवगुण सांगतो, कारण पुढची गोष्ट त्यातूनच घडली. एखादी गोष्ट मला येत नाही, असं त्याला म्हणता यायचं नाही. सेन्सरच्या गाड्या आल्या तशी ही खोड वाढली. जुन्या इंजिनात डिझेलचा पंप लोखंडाचा, उघडून हातात घेता येईल असा. नव्या गाडीत डिझेल किती सोडायचं, कधी सोडायचं, ते एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो आणि त्याला सगळीकडून वायरी जातात. काही बिनसलं की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि तो दिवा काय म्हणतो ते कळायला स्कॅनर जोडावा लागतो. मिस्त्रीने स्कॅनर कधी घेतला नाही. अशी गाडी आली की तो बोनेटवर हात ठेवून म्हणायचा, "हे माह्या कामाचं नाही. याचं त्यायच्याकडे पाहा." ऐकणाऱ्याला वाटे, गाडीच काहीतरी हलक्या जातीची निघाली. त्या गाड्या मग यवतमाळला जायच्या. हळूहळू आमच्या रस्त्यावर तशाच गाड्या जास्त झाल्या.

प्रेमसिंग राठोडचा ट्रक तसाच, सेन्सरचा. प्रेमसिंग दिग्रसजवळच्या तांड्यावरचा, मालक तोच आणि ड्रायव्हरही तोच. जिनिंगमधून रुईच्या गाठी आणि सरकी वाहायचा. घरात दुसरी कमाई नाही, शेती नावाला. त्याचा ट्रक सपाटीला चांगला चालायचा आणि पुसदच्या घाटात, भरल्या लोडने, मधल्या वळणावर बंद पडायचा. अर्धा तास उभा ठेवला की आपोआप सुरू. मोठ्या शहरातल्या वर्कशॉपमध्ये त्याने तो दोनदा नेला. त्यांनी सेन्सर बदलले. काही दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच वळण, तोच दिवा. जिनिंगवाले त्याला गाठी द्यायला कचरू लागले, कारण घाटात अडकलेला माल म्हणजे त्यांचा बोलला शब्द गेला.

प्रेमसिंगने आधीचा जुना ट्रक भंगारात दिला तेव्हा त्याचं इंजिन काढून घरी ठेवलं होतं, ताडपत्रीखाली, कधीतरी उपयोगी पडेल म्हणून. तो मिस्त्रीकडे आला आणि म्हणाला, हे माझं जुनं इंजिन नव्या गाडीत बसवून द्या. मिस्त्री नाही म्हणाला. गाडी ज्या इंजिनावर जन्मली ते काढू नये, म्हणाला. प्रेमसिंग पुन्हा आला. तिसऱ्या खेपेला त्याने बायकोला आणलं. ती सुमनबाईजवळ बसून राहिली. कापूस फुटायला आला होता आणि या सीझनला गाडी चालली नाही, तर ती विकून प्रेमसिंगला दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून जावं लागणार होतं. मिस्त्रीने त्या दिवशी हो म्हटलं.

मी त्याला कागदाचं बोललो. आरसी बुकावर इंजिनाचा नंबर असतो, धुराच्या जुन्या नियमाचं इंजिन नव्या गाडीत पास होत नाही, चैतात या गाडीची आरटीओकडे फिटनेसची तपासणी आहे, तेव्हा काय करशील. तो म्हणाला, सीझन निघू दे, मग पाहू. हे वाक्य आमच्या भागात अर्ध्या लोकांच्या आयुष्याचा कारभार चालवतं, त्यामुळे मीही पुढे बोललो नाही.

ते काम मात्र पाहण्यासारखं झालं. चेनकप्पीला टांगलेलं नवं इंजिन बाहेर आलं तेव्हा रस्त्यावरची माणसं थांबली. जुन्याला बसवायला जागा होती, पण ते ज्या पायांवर टेकतं ते पाय जुळेनात. मिस्त्रीने लोखंडी पट्ट्या कापून नवे पाय केले. नव्या गाडीत एक्सलेटरपासून इंजिनापर्यंत तार नसते, नुसती वायर. जुन्या पंपाला ओढायला तार पाहिजे, ती त्याने एका भंगार टेम्पोची आणली. डिझेलचे पाईप, पाण्याचे पाईप, सायलेन्सरचं तोंड, सगळं नव्याने. प्रेमसिंग सबंध वेळ हजर होता. मिस्त्रीचा तो नियमच होता, इंजिन उघडलं की गाडीवाला समोर पाहिजे आणि पार्ट त्यानेच डिझेलमध्ये धुतले पाहिजेत. पहिल्यांदा सुरू करायलाही त्यालाच बसवलं. इंजिन धडधडलं, काळा धूर लिंबाच्या शेंड्यावर गेला आणि मिस्त्रीच्या तोंडावर जे काही आलं ते मी त्याच्या पोरीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

डॅशबोर्ड मात्र मेला. डिझेल किती आहे ते कळेना, स्पीड दिसेना, फक्त एक लाल दिवा कायमचा लागून राहिला. प्रेमसिंगने त्यावर बायकोची टिकली चिकटवली आणि डिझेल मोजायला टाकीत बांबूची काडी घालू लागला. शिवाय जुनं इंजिन चावीने बंद होत नाही, खाली एक दोरी असते, ती ओढावी लागते. पहिल्याच फेरीत प्रेमसिंग दारव्ह्याच्या पुढे एका ढाब्यावर थांबला, सवयीने चावी फिरवली, खिशात टाकली आणि जेवायला बसला. ट्रक चालूच. ढाबेवाला सांगू लागला की तुमची गाडी चालू आहे. हा खिशातली चावी काढून दाखवत होता, की कशी चालू असेल, चावी तर ही राहिली. ही गोष्ट त्याने स्वतःच आम्हाला हसत हसत सांगितली. घाटातून ट्रक न थांबता जात होता, त्यामुळे त्याला सगळ्याच गोष्टीचं हसू येत होतं. मिस्त्रीचं नाव तर पुसदपर्यंत झालं. आणखी दोन गाडीवाले आपापली जुनी इंजिनं बसवून द्याल का, असं विचारत आले.

काढलेलं नवं इंजिन मिस्त्रीने गॅरेजच्या कोपऱ्यात लाकडाच्या ठोकळ्यांवर ठेवलं होतं. दिवाळीच्या सुमारास हाताला काम कमी होतं म्हणून त्याने त्याच्या वायरींचा जुडगा पुसायला घेतला. मी समोरूनच पाहत होतो. बराच वेळ तो पुसत होता आणि मग थांबला. हात हलेनात. मला वाटलं, छातीत दुखतंय की काय, म्हणून मी रस्ता ओलांडून गेलो. त्याने तो जुडगा माझ्यापुढे धरला. गिअर बॉक्सच्या वर येणाऱ्या भागात, टेपच्या आत, रुईचा बोळा गच्च बसला होता. उंदराने घर केलं होतं. आणि त्या घराच्या तळाशी वायरी कुरतडलेल्या, तांबं हिरवं पडलेलं, एक तर नुसत्या दोन धाग्यांवर टिकलेली.

आमच्याकडे जिनिंगच्या आवारात सरकीचे ढीग असतात आणि सरकी तिथे उंदीर. रात्र रात्र नंबर लावून उभ्या ट्रकात ते शिरतात, हे पोरंटोरंही जाणतात. चढावर भरल्या गाडीचं इंजिन जोर लावताना जरा हलतं, तेव्हा ती वायर सुटत होती. उभं केलं की पुन्हा टेकत होती. वर्कशॉपवाल्यांना ते सापडलं नाही, कारण त्यांच्याकडे सरकी नाही. आम्हाला सापडलं नाही, कारण सगळे सेन्सरला शिव्या देण्यात गुंग होतो. वीतभर वायर बदलली असती तर झालं असतं.

मी मिस्त्रीला म्हणालो की हे इथेच राहू दे. प्रेमसिंगचा ट्रक चालला आहे, तो खूश आहे, तुझं नाव झालं आहे. मला खरंच तसं वाटलं आणि आजही वाटतं की व्यवहाराचा सल्ला तोच होता. दुसऱ्या दिवशी त्याने प्रेमसिंगला बोलावून घेतलं.

मी दुकानात होतो, पण कान तिकडेच. प्रेमसिंगला त्याने स्टुलावर बसवलं, जुडगा त्याच्या मांडीवर ठेवला आणि उभ्याउभ्या बोलला. "इंजन खराब नव्हतं, प्रेमसिंग. वायरी उंदरानं खाल्ल्या. मी त्या उघडून पाह्यल्याच नाही, काहून की मले ते समजत नव्हतं. जे समजत होतं ते मी तुह्या गाडीत बसवून देल्लं. हे मी केलं."

प्रेमसिंगने त्या वायरी बोटांनी चाचपून पाहिल्या. मग म्हणाला, "मिस्त्री, तुमी नसतं सांगतलं तरी चाललं असतं."

"तुह्यं चाललं असतं," मिस्त्री म्हणाला. "माह्यं नसतं चाललं."

प्रेमसिंगला राग आला आणि तो चुकीचा नव्हता. त्याच्या चालत्या गाडीत या माणसाने शंका भरवली होती. इतके दिवस त्याला वाटत होतं, मी गाडी बरी करून घेतली. आता त्याला कळलं की चांगलं इंजिन कोपऱ्यात पडलं आहे आणि आपण टिकली लावून, काडी घालून फिरतो आहोत. मिस्त्रीने सांगितलं की मजुरी न घेता तुझं नवं इंजिन परत बसवून देतो, केव्हा आणतोस ते सांग. प्रेमसिंग जुडगा स्टुलावर ठेवून निघाला. सीझनभर तो आमच्या समोरून जायचा, पण हॉर्न वाजवायचा नाही.

मिस्त्रीने आणखी एक गोष्ट केली, जी त्याला करायची गरज नव्हती. जुन्या इंजिनांचं विचारायला आलेल्या त्या दोघांना त्याने खरं काय ते सांगून परत पाठवलं. चहाच्या टपरीवरही सांगितलं. व्हायचं तेच झालं. लोक हसले. उंदीर मिस्त्री असं नाव पडलं. जुनी गिऱ्हाइकंसुद्धा थोडी बिचकली, की याचंही चुकतं म्हणजे काय. गॅरेजसमोर गाड्या कमी झाल्या. मला त्याची कीव यायची आणि संतापही यायचा.

तो मात्र एका वेगळ्याच धंद्याला लागला. आठवड्यातून एकदा एसटीने यवतमाळला जाऊन एका स्कॅनरवाल्याच्या दुकानात बसायचा. तो माणूस त्याच्या निम्म्या वयाचा. मिस्त्री त्याला सर म्हणायचा आणि कोणती वायर कशाची, ते विचारायचा. परत आला की कोपऱ्यातल्या इंजिनाच्या वायरी एकेक करून नव्या टाकायचा. इंजिन गंजून बसू नये म्हणून पाना लावून हाताने फिरवायचा. ज्याचं इंजिन तो येईल की नाही, याचा पत्ता नव्हता. मी विचारलं तर म्हणाला, "तो नाही आला तं हे घेऊन मी तांड्यावर जाईन."

चैत लागला आणि फिटनेसची तारीख जवळ आली, तेव्हा प्रेमसिंग आला. ट्रक गॅरेजसमोर उभा केला, दोरी ओढून इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि हातातला डबा सुमनबाईकडे दिला. बायकोने लापशी करून दिली होती. त्यांच्या तांड्यावर ती चांगल्या कामाच्या सुरुवातीला करतात. मग शर्ट काढून खुंटीला अडकवला आणि पार्ट धुवायला बसला.

या वेळी काम हळू झालं. मिस्त्रीला दम लागत होता, मध्येच तो बाजेवर जाऊन बसायचा आणि तिथून सांगायचा. प्रेमसिंग ऐकायचा. यवतमाळचा स्कॅनरवाला एकदा येऊन पाहून गेला, त्याने एका वायरीची जागा बदलायला सांगितली, मिस्त्रीने ती बदलली. ट्रक सुरू झाला तो इतक्या हळू आवाजात, की रस्त्यावरच्या कुणी वळूनही पाहिलं नाही. प्रेमसिंगने दिव्यावरची टिकली काढली. खालचा दिवा विझलेला होता.

पण गाडीचा खरा निकाल घाटातच लागणार होता. प्रेमसिंगने सरकीची पोती भरली आणि सकाळी निघाला. मिस्त्री सोबत, आणि मला पुसदहून माल आणायचा होता म्हणून मीही. मिस्त्री मध्ये बसला होता, दोन सीटच्या मध्ये इंजिनाचं जे झाकण असतं त्यावर पंजा टेकवून. ते मधलं वळण आलं. प्रेमसिंगने गिअर खाली घेतला, ट्रकने जोर लावला, आणि वळण मागे गेलं. पुढचं वळणही गेलं. प्रेमसिंगने बाहीने घाम पुसला. मिस्त्रीने हात उचलला नाही.

माथ्यावर पोचल्यावर मिस्त्री म्हणाला, थांबव, मी इथे उतरतो, परतीच्या एसटीने जातो. प्रेमसिंग म्हणाला, पुसदला जाऊन संगच परत येऊ. मिस्त्रीने मान हलवली. "मी बसून असलो तं तू माह्या भरवशावर चालवशीन. गाडी तुह्यी आहे. तू ने. शेठ बसला तं बसू दे, त्याचा काही उपयोग नाही."

"पुन्हा बंद पडली तं?" प्रेमसिंगने विचारलं.

"तं फोन कर. मी येतो."

मी त्याच्यासाठी दार उघडून खाली उतरलो, तो माझ्या खांद्याला धरून उतरला आणि मी पुन्हा चढलो. त्यानंतर मी पुसदहून तसाच मुलीकडे नांदेडला गेलो आणि त्याच आठवड्यात मिस्त्री गेला, सकाळी चहा पिता पिता. मला पोचायला उशीर झाला. म्हणून माझ्यापाशी त्याचं शेवटचं दिसणं आहे ते त्या ट्रकच्या आरशातलं.

प्रेमसिंगने गाडी उताराला लावली. आरशात मिस्त्री रस्त्याच्या कडेला उभा होता, आमच्याकडे तोंड करून. समोरून दिग्रसकडे जाणारी एसटी आली, आम्हाला ओलांडून वर गेली आणि त्याच्यापाशी थांबली. दार उघडलं. त्याने एसटीकडे न पाहताच, पुढे जा, असा हात केला. एसटी निघून गेली. तो तिथेच उभा राहिला, मान थोडी कलती करून, आमचा आवाज ऐकत, आणि मग वळण आलं.